अकरा मात्रा आणि उरलेली सहा मिनिटं

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला विषय दिला होता 'सॉफ्टवेअर क्षेत्रातली माझी वाटचाल'. तयारीही केली होती. पण खरं सांगायचं तर त्या वाटचालीत सांगण्यासारखं फार नाही. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि स्वतःच्या लपवल्या, एवढंच. त्यातली एक चूक कंपनीतली नाही, तुमच्याशी संबंधित आहे. ती आज सांगते. विषयांतराबद्दल आयोजकांची माफी मागते.

माझ्या हातात ही कॅसेट आहे. मागच्या रांगांना दिसत नसेल. नव्वद मिनिटांची, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस. वरच्या कागदावर आपल्या शास्त्राच्या सरांचं सुबक अक्षर आहे, 'वार्षिक स्नेहसंमेलन, जानेवारी १९९६'. त्याच्या खाली निळ्या बॉलपेननं, इंग्रजीत, माझं गिचमिड अक्षर आहे, 'लाइव्ह/डेड'. एकाच कागदावर या दोन ओळी कशा आल्या, ते सांगायचंय.

आठवत असेल तुम्हाला. त्या वर्षी सरांनी घरचा टू-इन-वन आणला आणि पहिल्या रांगेत तो मांडीवर घेऊन बसले. 'अ' बाजूला सगळं गाणं-बजावणं, 'ब' बाजूला बक्षीस समारंभ. बक्षीस समारंभ अजून शाबूत आहे. ज्यांना हवा त्यांनी न्यावा, अर्धा तास नुसती नावं आहेत. 'अ' बाजूला मात्र आपला पोवाडा होता, मुलींचं समूहगीत होतं आणि आपल्या वर्गातल्या एकाचा तबला होता. त्याचं नाव घेत नाही. तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि त्यानं फोनवर बजावलंय, "नाव घेतलंस तर उठून जाईन." तुम्ही सगळे वळून बघताय, म्हणजे नाव घ्यायची गरजही नव्हती.

तो इंदापूर रस्त्यावरच्या गावातून एसटीनं यायचा. घरी भजनाची परंपरा. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून पुढं निघाली की हा मृदंग गळ्यात अडकवून दिंडीत, ते थेट बेलवाडीच्या रिंगणापर्यंत. शाळेला दांडी. सोमवारी सरांचा मार. ऑफ तासाला त्यानं मला मात्रा मोजायला शिकवलं. बोटाच्या पेरांवर अंगठा टेकवत जायचं, एका बोटाला तीन पेरं, चार बोटांची बारा. "गाणं कळलं नाही तरी चालेल," म्हणायचा, "सम कळली पाहिजे." मी निवेदनाला होते आणि माझं अक्षर चांगलं असा सरांचा गैरसमज होता. म्हणून दहावीची परीक्षा झाल्यावर त्यांनी कॅसेट माझ्याकडे दिली. "सगळ्यांना कॉप्या काढून दे." आणि कुणी चुकून पुसू नये म्हणून मागच्या कडेची प्लास्टिकची चिमटी त्यांनी माझ्यासमोर मोडली. ती मोडली की टेपरेकॉर्डरचं रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच जात नाही.

कॉप्या मी काढल्या नाहीत. अकरावी, बारावी, मग पुण्याला इंजिनिअरिंग.

१९९८ चा हिवाळा, हॉस्टेल. माझ्या रूममेटच्या दादानं अमेरिकेहून एक सीडी आणली होती, ती सकाळी परत द्यायची होती. बँडचं नाव ग्रेटफुल डेड, अल्बमचं नाव लाइव्ह/डेड. आम्ही रात्री ती लावली. दहा-बारा मिनिटांनी मला वाटलं की ही आपल्याकडे असलीच पाहिजे. रात्रीचा एक वाजलेला, कोरी कॅसेट नाही, दुकानं बंद. ट्रंकेत ही होती. चिमटी मोडलेली होती. मी त्या खाचेवर सेलोटेप लावला.

हे सरांना सांगायचं राहून गेलं. सर आता नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतेय.

चुकून झालं असं म्हणता आलं असतं. पण सेलोटेप काही चुकून लागत नाही. लेबल मी वाचलं होतं. तेव्हा मला वाटलं, गॅदरिंगचं काय एवढं, तोच तो पोवाडा, तीच ती बेसूर समूहगीतं. पुण्यात येऊन चारच महिने झाले होते आणि 'कुठली?' असं कुणी विचारलं की बारामती म्हणताना माझा आवाज उगीच खाली यायचा. रॉक ऐकणाऱ्या मुलींत बसायचं होतं. बसले.

आता हा अल्बम काय आहे ते सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईनं आपलं गॅदरिंग पुसलं ते तरी कशासाठी?

ग्रेटफुल डेड हा सॅन फ्रान्सिस्कोच्या भागातला, १९६५ साली सुरू झालेला बँड. त्यांच्या संगीताला सायकेडेलिक रॉक म्हणतात. गुरुजनांसमोर त्याचा अर्थ सांगणं जरा अवघड आहे. एलएसडी नावाच्या नशेच्या पदार्थानं जो भास व्हायचा, तो संगीतात आणायचा, अशी ती खटपट होती. त्यांच्या ध्वनियंत्रणेचा जाणकार आउसली स्टॅनली हा स्वतःच एलएसडी बनवण्यासाठी प्रसिद्ध होता. तर ते सगळं होतं, मी झाकत नाही. पण मला त्या रात्री भास वगैरे काही झाला नाही. हॉस्टेलच्या मेसचा चहा पिऊन मी ऐकत होते. मला ऐकू आली ती सात माणसं, एकमेकांचं लक्षपूर्वक ऐकणारी.

अल्बममधला पहिला तुकडा 'डार्क स्टार'. हेच गाणं त्यांनी १९६८ साली स्टुडिओत रेकॉर्ड केलं होतं, ते तीन मिनिटांचंही नाही. कुणी फारसं घेतलं नाही. या अल्बममध्ये तेच गाणं तेवीस मिनिटांचं आहे. आपल्याकडे हे पटकन कळतं. जुन्या तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटांत राग उरकावा लागायचा आणि तोच गवई मैफिलीत तासभर गायचा. बंदिश दोन ओळींची, बाकी सगळा विस्तार. 'डार्क स्टार'चंही तसंच आहे. शब्द थोडे, आणि दोन कडव्यांच्या मध्ये गिटारवाला जेरी गार्सिया आणि बाकीचे कुठल्या कुठे जाऊन येतात. दर कार्यक्रमात वेगळे जायचे. म्हणून या बँडचं खरं काम स्टुडिओत सापडत नाही, कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगमध्ये सापडतं.

त्यामागे पैशाचीही गोष्ट आहे. त्याच सुमाराला ते 'आओक्सोमोक्सोआ' नावाचा अल्बम स्टुडिओत करत होते. तो आठ ट्रॅकच्या यंत्रावर बराच पुढं गेला होता. तेवढ्यात सोळा ट्रॅकचं नवं यंत्र आलं, तर यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली! आमच्या क्षेत्रात असं करणाऱ्याला प्रोजेक्टवरून काढतात. स्टुडिओचं बिल भरमसाट झालं, रेकॉर्ड कंपनीचं देणं डोक्यावर बसलं. त्यातून सुटायचा स्वस्त मार्ग म्हणजे कार्यक्रमातच रेकॉर्डिंग करून दोन तबकड्यांचा अल्बम देऊन टाकायचा. मग तेच अवजड अँपेक्स यंत्र सभागृहात नेलं. प्रत्येक वाद्याचा, गळ्याचा मायक्रोफोन वेगळ्या ट्रॅकवर, नंतर सावकाश मिश्रण करता येईल असा. रॉकच्या थेट कार्यक्रमाचं सोळा ट्रॅकवर केलेलं रेकॉर्डिंग अल्बम म्हणून आलं, त्यातलं हे अगदी पहिलं. नोव्हेंबर १९६९ मध्ये. मुलींसाठी मुद्दाम सांगते, यंत्रावर बसलेल्या दोघांमधली एक बेटी कँटर नावाची तरुण मुलगी होती.

'डार्क स्टार' संपतं न संपतं तोच 'सेंट स्टीफन' सुरू होतं, साडेसहा मिनिटांचं. त्यातून न थांबता तिसरा तुकडा येतो, नऊ मिनिटांचा. नाव आहे 'दि इलेव्हन'. अकरा.

मी कॉटवर आडवी पडून ऐकत होते. पाय हलवून ताल धरायला गेले तर धरता येईना. दर वेळी एक पाऊल कमी पडायचं. अंधारात जिना उतरताना एक पायरी नसावी तसं. तेव्हा हात आपोआप पेरांवर गेला. तर्जनीची तीन, मधल्या बोटाची तीन, अनामिकेची तीन, आणि करंगळीची दोन. तिसऱ्या पेरावर जायच्या आत सम. तीन, तीन, तीन, दोन. अकरा. चार-पाच आवर्तनं झाल्यावर मी उठून बसले आणि रूममेटला ओरडून म्हणाले, "अगं, करंगळीचं शेवटचं पेर सोडायचं!" तिला काहीच कळलं नाही.

मग मी कॉरिडॉरमध्ये चालून बघितलं. आपल्या भजनी ठेक्याच्या आठ मात्रा असतात. सम नेहमी एकाच पायावर पडते, म्हणून तर हजारो माणसं पावली खेळत पंढरपूरला जातात. अकरात एक सम डाव्या पायावर पडली की पुढची उजव्यावर. चालता येतं, पण ध्यान सोडता येत नाही. आपल्याकडे रुद्र ताल अकरा मात्रांचा आहे. हा तो नव्हे, ठेका वेगळा. पण मोजदाद तीच.

एका अमेरिकन बँडला ही मोजदाद कुणी शिकवली, हे मला पाच-सहा वर्षांनी कळलं. या बँडमध्ये ड्रमर दोन, बिल क्रॉइट्समन आणि मिकी हार्ट. हार्टचं 'ड्रमिंग ॲट दि एज ऑफ मॅजिक' हे पुस्तक नोकरी लागल्यावर हाती आलं. त्यात तो सांगतो की १९६७ साली त्याला उस्ताद अल्लारखाँ भेटले. हो, तेच. पंडित रविशंकरांच्या साथीचे, मुंबई आकाशवाणीवर वाजवलेले, ए. आर. कुरेशी या नावानं हिंदी चित्रपटांना संगीत दिलेले, माहीमचे अल्लारखाँ. त्यांचा आकड्यांचा खेळ बघून हार्ट हबकला. इतके दिवस आपण ड्रम बडवत होतो, मोजत नव्हतो, असं त्याला झालं. तो त्यांच्याकडून शिकला, ते बँडमध्ये घेऊन आला आणि मग सगळ्यांनी मिळून सात, दहा, अकरा अशा चालींचा घाम निघेपर्यंत सराव केला. 'दि इलेव्हन'ची रचना बेस गिटारवाल्या फिल लेशची. पण सगळा बँड अकरात घसरता पाय सावरून चालू शकला, त्यामागे माहीमचा हा माणूस आहे.

पुढं तर संबंध घरचाच झाला. अल्लारखाँचे चिरंजीव झाकीर हुसेन १९७० मध्ये अमेरिकेत गेले, अली अकबर खाँसाहेबांच्या सॅन राफेलच्या कॉलेजात शिकवू लागले. त्यांची आणि हार्टची जोडी जमली. १९७६ साली 'दिगा' नावाचा तालवाद्यांचा अल्बम हार्टच्या घरच्या स्टुडिओत झाला. त्यात गार्सियाही गिटार वाजवून गेला. त्यातल्याच एका चालीवर पुढं ग्रेटफुल डेडचं 'फायर ऑन द माउंटन' उभं राहिलं. १९९१ चा 'प्लॅनेट ड्रम' याच दोघांचा, विक्कू विनायकराम त्यात घटम वाजवतात. जागतिक संगीताच्या अल्बमसाठी ग्रॅमी सुरू झालं तेव्हा पहिलं यालाच मिळालं. अल्लारखाँ ३ फेब्रुवारी २००० ला गेले. त्यांच्या बरसीला मुंबईत षण्मुखानंद सभागृहात पहाटेपासून कार्यक्रम असायचा. मी एका वर्षी गेले होते. एवढ्या गर्दीत माझा अंगठा आपला पेरांवर. झाकीरभाईही डिसेंबर २०२४ मध्ये गेले.

ते पुस्तक वाचलं त्या दिवशी मला हसू आलं आणि लाजही वाटली. बारामतीचा तबला पुसून मी ज्यांना जागा दिली होती, ते तबलजीकडूनच मोजायला शिकून आले होते.

आता थोडं हिशेबाचं. तेवीस मिनिटं, साडेसहा आणि नऊ. सगळी मिळून एकोणचाळीस. कॅसेटची बाजू पंचेचाळीसची. पुढचं गाणं पंधरा मिनिटांचं होतं, ते मावणार नव्हतं, म्हणून मी 'अकरा' संपल्यावर बटण बंद केलं. गॅदरिंगची शेवटची सहा मिनिटं वाचली ती माझ्या चांगुलपणानं नाही, बँडच्या लांबलचकपणानं. 'अकरा' चार मिनिटं कमी चाललं असतं तर दहा मिनिटं वाचली असती, चार जास्त चाललं असतं तर दोनच. त्या रात्री सभागृहात गार्सियाच्या मनात काय आलं असेल त्यावर आपलं गॅदरिंग किती उरलं ते ठरलं.

आणि मजा म्हणजे तो अल्बमही सलग नाही. कानाला 'सेंट स्टीफन'मधून 'अकरा' आपसूक उगवल्यासारखं वाटतं. पण 'डार्क स्टार' आणि 'सेंट स्टीफन' २७ फेब्रुवारी १९६९ ला फिलमोर वेस्टमध्ये वाजवलेलं आहे आणि 'अकरा' त्याच्या महिनाभर आधी, २६ जानेवारीला, ॲव्हलॉन बॉलरूममध्ये. दोन सभागृहं, दोन रात्री, दोन वेगळे श्रोते, टेपवर जोडलेले. सांधा मी पन्नास वेळा शोधला. सापडत नाही. माझा सांधा मात्र कुणालाही सापडेल. अकरा मात्रांच्या ऐन भरात 'खट्' असा आवाज होतो आणि एका क्षणात आपण शाळेच्या मैदानावर, मांडवात.

या बँडचं आणखी एक मला फार आवडतं. ते श्रोत्यांना रेकॉर्डिंग करू द्यायचे. बाकीचे बँड टेपरेकॉर्डर जप्त करत, तेव्हा यांनी १९८४ पासून अशा लोकांसाठी सभागृहात वेगळी जागाच ठेवली. अट अलिखित, पण एकच. कॅसेटची अदलाबदल करा, विकू नका. कुमारजींच्या, भीमसेनजींच्या खाजगी मैफिलींच्या कॅसेटी आपल्याकडे अशाच एका घरातून दुसऱ्या घरी जायच्या, 'ऐकून परत करा' असं चारदा बजावून. त्यामुळे डेडच्या सुमारे २३०० कार्यक्रमांपैकी बहुतेकांचं कसलं ना कसलं रेकॉर्डिंग आज उरलंय. बँडच्या यंत्रावरचं चांगलं रेकॉर्डिंग पुढंही बेटी कँटर करत राहिली. तिच्या कॅसेटी आणि टेपा एका भाड्याच्या गोदामात होत्या, भाडं थकलं आणि १९८६ साली सगळं लिलावात गेलं. घेणाऱ्यांत या संगीताचे वेडे होते म्हणून त्या टेपा वाचल्या. त्यांतलं ८ मे १९७७ चं कॉर्नेल विद्यापीठातलं रेकॉर्डिंग आता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय यादीत आहे. तिचं गोदामाचं भाडं थकलं होतं, एवढंच. मी तर सेलोटेप लावला होता.

दोन वर्षांपूर्वी आपल्या ग्रुपवर मेसेज आला. "९६ च्या गॅदरिंगची कॅसेट कुणाकडे आहे का? पोरगं तबला शिकतंय, त्याला ऐकवायचीय." कुणी पाठवला होता, ते तुम्हाला माहीत आहे. त्याची उजव्या हाताची दोन बोटं २००४ साली कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली, हेही माहीत आहे. त्यानंतर त्यानं तबल्याला हात लावलेला नाही. डग्गा तेवढा वाजवतो, भजनाला. त्याच्या दोन्ही हातांचं एवढं लांबलचक वाजवणं कुठं टिपलं गेलं असेल तर ते या कॅसेटवर. मी उत्तर लिहिलं, "शोधते."

शोधायचं काय होतं? कपाटात वरच्या खणात होती. मी शोधत होते ते पुसलेलं परत मिळवायची युक्ती. माझ्या डोक्यात इंजिनिअरची घमेंड होती की खाली काहीतरी उरलेलं असणारच. पुण्यात ध्वनिमुद्रणातल्या दोन जाणकारांना दाखवली. दोघांनी एकच सांगितलं. टेप सरकताना आधी पुसणाऱ्या हेडखालून जाते आणि मग रेकॉर्ड करणाऱ्या. पहिला हेड कानाला ऐकू येणार नाही एवढ्या वेगाच्या कंपनांनी टेपवरचे चुंबकीय कण पार विस्कटून टाकतो. अक्षर खोडल्यावर कागदावर वळ राहतो, तसं इथं काही राहत नाही. एकोणचाळीस मिनिटं गेली ती गेली.

राहिली सहा. ती मी संगणकावर घेतली. टेप जुनी, खरखर भरपूर. आवाज स्वच्छ करायचं सॉफ्टवेअर असतं. खरखरीचा नमुना त्याला दाखवायचा, मग ते तसलं सगळं काढून टाकतं. मी तसं केलं. तबला कसा लख्ख झाला! समाधानानं फाईलला नाव दिलं, ग्रुपवर टाकायच्या बेतात होते. पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. तबला ऐकू येत होता पण तो कुठं वाजतोय ते कळत नव्हतं. मांडव गेला होता, पाचवी-सहावीच्या पोरांच्या बेताल टाळ्या गेल्या होत्या, जनरेटर गेला होता. पुन्हा मूळ फाईल लावली, हेडफोन घालून, आवाज मोठा करून. लाइव्ह/डेड मी ज्या कानानं ऐकला होता, त्याच कानानं पहिल्यांदा आपलं गॅदरिंग ऐकलं.

काय काय आहे ते सांगते. 'खट्' झाल्यावर तबला मधूनच सुरू होतो, भजनी ठेक्याची लग्गी, चढत्या लयीत. मागं चिपळ्या. कुणाचं तरी मूल रडतं. साधारण दोन मिनिटांनी माईक शिटी मारतो आणि शिपाईमामा "बारीक करा, बारीक करा" म्हणतात. तिसऱ्या मिनिटाला हा पठ्ठ्या तिहाई घेतो. पहिली चक्कर बरोबर, दुसरी बरोबर, तिसरी अर्ध्या मात्रेनं पुढं निघून जाते, सम हुकते आणि माईकवर स्वच्छ ऐकू येतं, "च्यायला."

सर, बाई, माफ करा. पण ते आहे.

मग तो थांबत नाही. चार आवर्तनं ठेका धरतो, श्वास घेतो आणि तीच तिहाई पुन्हा घेतो. या वेळी अशी बरोबर समेवर येते की पोरंसुद्धा टाळ्या वाजवायची विसरतात. अर्धा सेकंद सगळं गप्प. मग टाळ्या. त्यानंतर माझं निवेदन आहे, ते कृपया कुणी लक्षपूर्वक ऐकू नये. मी तेव्हापासूनच पुणेरी बोलायचा सराव करत होते असं दिसतं.

परवा रात्री मी त्याला फोन केला. सेलोटेपसकट सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मागं म्हैस ओरडत होती. मग म्हणाला, "एकोणचाळीस मिनिटं गेली आणि नेमकं 'च्यायला' राहिलं काय?" मी म्हटलं, राहिलं. म्हणाला, "तीस वर्षं मी त्याच धास्तीत होतो." मग अकराचं विचारलं, कसं मोजतात म्हणून. मी सांगितलं, करंगळीचं शेवटचं पेर सोडायचं. तो म्हणाला, "माझ्या डाव्या हातावर मोजतो, थांब." फोनवर त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं. तीन, तीन, तीन, दोन. "गाडी घसरतीय राव," म्हणाला. "पोराला देतो हे."

रागावलास का, असं मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र मी त्याला फोनवर सांगितली नाही, ती इथंच सांगायची होती. सर टू-इन-वन मांडीवर घेऊन बसले होते, त्यामुळे यंत्राच्या सगळ्यात जवळ कुणी असेल तर ते. अधूनमधून त्यांचा खोकला येतो. दुसऱ्यांदा तिहाई समेवर येते ना, तो टाळ्यांआधीचा अर्धा सेकंद. तिथं सरांचा आवाज आहे. अगदी हळू, स्वतःशीच. "वा." दांडीबद्दल याला कायम बदडणारे आपले सर. रंगमंचावर ते ऐकू गेलं नसणार, शेजारच्यालाही गेलं नसेल. माझ्या सॉफ्टवेअरनं ते खरखर समजून काढून टाकलं होतं.

पेन ड्राइव्हवर मूळ फाईल आहे, काही स्वच्छ केलेलं नाही. सुरुवातीला दहा सेकंद 'अकरा' ठेवलंय, म्हणजे सांधा कळेल. ध्वनियंत्रणावाल्या दादांनी आवाज थोडा वाढवावा. तीन मिनिटं चाळीस सेकंदांना, तिसरी रांग, कान देऊन ऐक.

लावा, दादा.